झाकण उघडणारे यंत्र

जपानच्या यायसू कंपनीचा एफटी-१०१ हा संच ठेवायला टेबल भक्कम लागते. साधारण १५ किलोचा हा लोखंडी पेटारा १९७०च्या सुमारास बाजारात आला आणि पुढे दहाएक वर्षे बी, ई, झेडडी अशा अक्षरांच्या शेपट्या लावून निघत राहिला. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या जगात त्याचे स्थान आपल्याकडच्या बजाज चेतकसारखे आहे : भरपूर खपलेला, भरपूर राबवलेला, आणि ज्याचे एकूण एक दुखणे कुणाला ना कुणाला तोंडपाठ आहे असा. बोलणे आणि ऐकणे एकाच पेटीत, म्हणून त्याला ट्रान्ससीव्हर म्हणायचे. ऐकण्याचा सगळा भाग ट्रान्झिस्टरवर चालतो. पाठवण्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर मात्र काचेचे तीन व्हॉल्व्ह आहेत, एक ड्रायव्हर आणि दोन फायनल. वरचे झाकण काढले की आत सर्किटची कार्डे सॉकेटात बसवलेली दिसतात आणि ती हाताने उपसता येतात. सोबतच्या पुस्तकात पूर्ण आकृती असते आणि कुठल्या टोकाला किती व्होल्ट मिळायला हवेत त्याचा तक्ताही. अर्धे शतक उलटलेला असा संच दुरुस्त करत बसणाऱ्याला लोक नादिष्ट म्हणतात आणि विषय संपवतात. तो इतक्यात संपू नये. या संचाची किंमत त्याच्या वयात शोधली तर सापडणार नाही. तो माणसाला कळतो, यात ती आहे. आणि कळणाऱ्या यंत्रावर हात बसलेला माणूस ही सावित्रीच्या खोऱ्यासारख्या मुलखाची गरज आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

सावित्रीचे खोरेच का, ते आधी पाहू. पोलादपूर हे डोंगरांच्या ओंजळीतले गाव. पूर्वेला आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, दक्षिणेला कशेडी ओलांडला की खेड, उत्तरेला महामार्गाने महाड. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथे उगम पावलेली सावित्री थोडक्या अंतरात ती सगळी उंची उतरून पोलादपुरावरून महाडकडे जाते. पाऊस, उतार आणि माती यांचे इथले गणित बिघडले की काय होते, ते २००५पासून पुन्हापुन्हा दिसले. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या आणि जवळपास दोनशे माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसह सावित्रीत गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्याच तळीये गावावर डोंगर उतरला आणि ८०हून अधिक जीव गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडींनी बळी घेतले. महाड शहर पाण्यात होते, वीज गेली होती, मोबाइलची रेंज गेली होती, रस्त्यांवर पाणी आणि दरडी होत्या. बाहेरची बचाव पथके तळीयेला पोचायला दुसरा दिवस उजाडला.

अशा वेळी फोन का मुका होतो, याकडे नीट पाहायला हवे. मोबाइल हे एक यंत्र नाही, यंत्रांची साखळी आहे. खिशातला फोन, टॉवर, टॉवरची बॅटरी, बॅटरी संपल्यावर जनरेटर, जनरेटरचे डिझेल, डिझेल आणणारा रस्ता, टॉवरला पुढे जोडणारी फायबरची तार, आणि ती तार ज्या पुलाच्या अंगावरून गेली आहे तो पूल. यातला एक दुवा निसटला की सगळे थांबते. त्याहून गंभीर गोष्ट ही, की यातला एकही दुवा जिथे तुटला तिथल्या माणसाच्या हातात नसतो. पोलादपुरात टॉवरखाली उभा असलेला हुशारातला हुशार इलेक्ट्रिशियनसुद्धा रेंज परत आणू शकत नाही. त्याच्या कौशल्यात काही कमी नसते. ती व्यवस्थाच अशी बांधलेली असते, की तिचा बिघाड दूर कुठेतरी पडद्यावर दिसावा आणि माणूस तिथून निघावा. साध्या दिवसांत ही व्यवस्था उत्तम चालते. घाट बंद असताना मात्र तो माणूस पोचत नाही.

लघुलहरींवर चालणाऱ्या रेडिओची साखळी दोनच दुव्यांची असते : या टोकाचा संच आणि त्या टोकाचा संच. मध्ये आकाश. पोलादपुराहून अलिबागचे हवाई अंतर शंभरेक किलोमीटर, पुण्याचे त्याहून कमी, मुंबईचे थोडे जास्त. हातातल्या वॉकीटॉकीच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पहिल्याच डोंगराला अडतात. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा उपयोग मात्र वेगळ्या तऱ्हेने करता येतो. सुमारे २० मीटर लांबीची तांब्याची तार दोन आंब्यांच्या मध्ये मुद्दाम कमी उंचीवर बांधली, की बरीचशी शक्ती सरळ वर जाते, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबर नावाच्या विद्युतभारित थरावरून परतते आणि कारंज्याच्या तुषारांसारखी आजूबाजूच्या काहीशे किलोमीटरांत पडते. डोंगर ओलांडायचा प्रश्नच राहत नाही. लहर डोंगराच्या डोक्यावरून खाली येते. दिवसा ७ मेगाहर्ट्झ, रात्री आयनांबर विरळ झाले की ३.५ मेगाहर्ट्झ, त्यासाठी तार दुप्पट लांब. दरीत बसलेल्या गावासाठी याहून सोयीची भौतिकी नाही. आणि एफटी-१०१ सारखे संच नेमक्या याच पट्ट्यांवर बोलण्यासाठी बनलेले आहेत.

आता पेटी उघडू. ‘यंत्र कळते’ हे म्हणणे सैल वाटू नये म्हणून एक हिशोब मांडतो. समजा ७.१ मेगाहर्ट्झवर कुणी बोलत आहे. संचातला त्या पट्ट्याचा स्फटिक १३.०२ मेगाहर्ट्झवर थरथरतो. दोन्ही मिसळले की वजाबाकी उरते ५.९२. डायल फिरवल्यावर ज्याची कंप्रता बदलते तो व्हीएफओ ८.७ ते ९.२ च्या दरम्यान हलतो, तो ९.१ वर आणला की पुन्हा वजाबाकी, ९.१ वजा ५.९२, म्हणजे ३.१८. आणि ३.१८ मेगाहर्ट्झ हे या संचाच्या स्फटिक-गाळणीचे ठरलेले दार. तेवढाच आवाज आत येतो, बाकीचे जग बाहेर राहते. बोलताना हाच प्रवास उलटा होतो : आवाज ३.१८ वर चढतो, त्याच गाळणीतून जातो, त्याच व्हीएफओशी, त्याच स्फटिकाशी मिसळतो आणि ७.१ वर बाहेर पडतो. चौथी-पाचवीच्या वजाबाकीत बसणारे हे यंत्र आहे. सगळे कोडे पाटीवर मांडता येते.

बिघाड शोधण्याची सगळी कला या मांडणीतून निघते. येताना आणि जाताना बराच रस्ता एकच असल्यामुळे संच स्वतःच साक्ष देतो. ऐकूही येत नाही आणि पाठवताही येत नाही, तेही सगळ्या पट्ट्यांवर : मग संशयित सामाईक रस्त्यावर आहे, म्हणजे व्हीएफओ, गाळणी किंवा त्यांचा वीजपुरवठा. सगळे पट्टे ठीक, फक्त ७ मेगाहर्ट्झ मुका : मग त्या पट्ट्याचा स्फटिक, नाहीतर पट्टा बदलणाऱ्या चकतीच्या स्विचचा काळवंडलेला संपर्क. पाठवता येते पण ऐकू येत नाही : मग बदलीच्या रिलेचे टोक पाहा. सगळीकडे डायल सारख्याच फरकाने चुकते : मग व्हीएफओ सरकला आहे. अशा चार प्रश्नांत शेकडो सुट्या भागांमधून दहा-बारा भाग उरतात आणि मग मल्टिमीटर हातात घ्यायचा. बिघाड शोधणे म्हणजे एकेक भाग बदलून पाहणे नव्हे. जो भाग निर्दोष असल्याचे सिद्ध झाले त्याला आधी सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची उलटतपासणी घ्यायची, असे ते काम आहे. ही शिस्त एकदा अंगवळणी पडली की पंप, इन्व्हर्टर, जनरेटर यांनाही ती लागू पडते.

कोकणात या कामाला आणखी एक पदर आहे, तो दमटपणाचा. इथली हवा चार महिने ओली असते. जुन्या कार्बनच्या रेझिस्टरमध्ये ओल शिरली की त्यांचे मूल्य हळूहळू चढते. रंगपट्ट्या एक सांगतात आणि मीटर दुसरेच. स्विचचे चांदीचे मुलामे काळे पडतात. अनेक वर्षे बंद पडून राहिलेल्या संचातले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर तर सर्वांत धोक्याचे. त्यांच्या आत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच इन्सुलेटर. वीज न मिळता पडून राहिले की तो थर झिजतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिले की कंडेन्सर फुटतो, कधी ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जातो. म्हणून माळ्यावरून उतरवलेला संच थेट प्लगला लावायचा नसतो. इथे आपल्या इलेक्ट्रिशियनचा साधा सिरीज बोर्ड कामी येतो. संचाच्या वाटेत साठ-शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घातला, की आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि संच वाचतो. सगळे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. त्याही आधी मागच्या बाजूचा व्होल्टेजचा टॅप तपासायचा. हा संच १०० ते २३४ व्होल्टपर्यंतच्या सहा टॅपवर चालतो, आणि १०० वर ठेवलेला संच आपल्या विजेवर लावला तर बाकी काही तपासायला उरत नाही.

या संचाच्या एका प्रसिद्ध दुखण्यात सगळा धडा एकवटलेला आहे. ड्रायव्हर व्हॉल्व्हकडून फायनल जोडीच्या ग्रिडकडे सिग्नल नेणारा नखाएवढा कंडेन्सर असतो. त्याचे काम सिग्नल जाऊ देणे आणि ड्रायव्हरकडची शेकडो व्होल्टची डीसी अडवून धरणे. म्हातारपणी तो झिरपू लागतो. पलीकडे फायनलच्या ग्रिडवर ऋण व्होल्टेजचा लगाम असतो; झिरपलेले धन व्होल्टेज तो लगाम सैल करते. व्हॉल्व्ह मोकाट सुटतात, काहीही न बोलता मीटरचा काटा चढतो, प्लेटा लाल होतात. निरोगी संचात हा विश्रांतीचा प्रवाह ६० मिलिअँपिअरवर बांधून ठेवायचा असतो. अनभ्यस्त माणूस लाल व्हॉल्व्ह पाहून व्हॉल्व्ह बदलतो, आणि नवी महागडी जोडीही जाळून बसतो. जाणकार काही रुपयांचा कंडेन्सर बदलतो. कौलारू घरात राहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. पाणी जिथे टपकते तिथले कौल बहुतेक वेळा शाबूत असते. फुटलेले कौल वर कुठेतरी असते आणि पाणी वाशावरून घरंगळत आलेले असते. पण कौलारू छपरात माग काढता येतो आणि एकच कौल बदलता येते. स्लॅब गळू लागला की ओल एकीकडे, भेग दुसरीकडे, आणि उपाय म्हणजे सगळीकडे डांबर. आजचे बरेच संच स्लॅबसारखे असतात : कोरडे असेपर्यंत उत्तम, गळू लागले की मालक हतबल.

दुरुस्ती झाली की बदलांचा मोह सुरू होतो, आणि हॅम मंडळींचे खरे वाद तिथे होतात. या संचाचे फायनल व्हॉल्व्ह, ६जेएस६सी, मुळात रेडिओसाठी नव्हतेच. ते रंगीत टीव्हीच्या पडद्यावर किरण आडवा फिरवणारे व्हॉल्व्ह. टीव्हीमुळे स्वस्त मिळत, म्हणून कंपनीने ते घेतले. टीव्ही ट्रान्झिस्टरवर गेले, कारखान्यांनी ते बनवणे थांबवले, आणि स्वस्ताईसाठी केलेली निवड पुढच्या पिढीला महागात पडली. म्हणून काही जण सॉकेट बदलून तिथे ६१४६बी ही प्रेषकासाठीच बनलेली जोडी बसवतात. हा बदल सोपा नाही : तळाच्या पिना वेगळ्या, स्क्रीनला चालणारे व्होल्टेज कमी, बायस वेगळा, आणि शेवटी न्यूट्रलायझेशन पुन्हा जुळवायचे, नाहीतर जोडी स्वतःच किंचाळू लागते. शुद्धतावाद्यांना हा भ्रष्टाचार वाटतो. पण कंपनीने स्वतः पुढच्या झेडडी आवृत्तीत ६१४६बी घेतली. म्हणजे मूळ अभिकल्पालाही बाजार पाहून वाकावे लागले होते. मूळपणाची पूजा करायची तर नेमक्या कुठल्या वर्षाच्या मूळपणाची?

उलट टोकाचे मतही तितकेच चुकीचे. ‘आपला संच, आपण काहीही करू’ म्हणत समोरच्या पट्टीला भोके पाडणारे, आकृतीत न नोंदवता तारा फिरवणारे यंत्राचे नुकसान करतात. आणि हे नुकसान दिसण्यापेक्षा कळण्याचे असते. भारतात याला एक इतिहास आहे. परदेशी संच आयात करणे अनेक वर्षे अवघड आणि महाग होते. बहुतेकांनी प्रेषक घरीच बांधले, सैन्याच्या मोडीतले भाग वापरले. १९८०च्या दशकात राजीव गांधींच्या काळात आयात शुल्कात सवलत मिळाली. त्यांचा स्वतःचा हॅम परवाना होता, संकेत व्हीयू२आरजी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जे मिळेल त्यावर भागवायची सवय आधीच लागलेली असल्याने इथल्या जुन्या संचाच्या पोटात तीन-चार कारागिरांचे हात सापडणे स्वाभाविक आहे. कंपनीच्या पुस्तकात एक तार, आत दुसरी. तेव्हा बदलाची कसोटी साधी असावी : हा बदल पुढच्या माणसाला कळेल का, आणि परत फिरवता येईल का? व्हीएफओ तापल्यावर सरकतो, म्हणून आजचा नखाएवढा डिजिटल संश्लेषक जोडायचा आहे? जरूर. पण संचाच्या मागे बाहेरच्या व्हीएफओसाठी सॉकेट मुळातच आहे. तिथून जोडा, आतली एकही तार कापू नका. आणि बदललेल्या आकृतीचा कागद झाकणाच्या आत चिकटवा. कागद नसलेला बदल, मग तो कितीही हुशारीचा असो, कळणाऱ्या यंत्राला न कळणारे करतो. आणि मग या यंत्राचे एकमेव श्रेष्ठत्व संपते.

इथवर आल्यावर वाचक विचारील, आणि रास्त विचारील, की आपत्तीसाठीच हवा असेल तर असा जड, तापट, विजेचा भुकेला संच कशाला? आक्षेप खरा आहे. या संचाच्या बऱ्याच आवृत्त्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. व्हॉल्व्हचे हीटर बंद ठेवून नुसते ऐकले तर खर्च नगण्य, पण पाठवताना वीसेक अँपिअर ओढतात. ट्रकची बॅटरी हवी. दरडीखालच्या वाडीवर कुणी हा पेटारा खांद्यावर घेऊन जाणार नाही, आणि नेऊही नये. तिथे नेण्याजोगा संच आपल्याच देशात बनला आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३च्या सुमारास ‘बिटएक्स’ नावाचा एक ट्रान्ससीव्हर आखला : भारतातल्या बाजारात सहज मिळणारे भाग, सगळी आकृती खुली, ज्याला हवे त्याने बांधावा. पुढे निघालेली ४० मीटर पट्ट्याची आवृत्ती सुमारे ७ वॉट देते आणि मोटारसायकलच्या बॅटरीवर चालते. जगभर हजारो लोकांनी ती वापरली. या उदाहरणाने आमचे म्हणणे खोडले जात नाही, उलट पक्के होते. बिटएक्स नवा आहे, पण त्याच जातीचा : झाकण उघडणारा, कागदावर मांडता येणारा. तेव्हा प्रश्न जुन्या-नव्याचा उरतच नाही.

मग जुन्याचे काम काय? दोन कामे. पहिले तांत्रिक. व्हॉल्व्हच्या संचात शेवटी ‘पाय’ (π) सर्किट असते, ‘प्लेट’ आणि ‘लोड’ अशा दोन मुठींनी जुळवायचे. ओली, लोंबकळणारी, मापात नसलेली तार जोडली तरी या दोन मुठी फिरवून बऱ्यापैकी जुळणी साधता येते, आणि क्षणभर चुकले तर व्हॉल्व्ह माफ करतो. ट्रान्झिस्टरचा फायनल अशा वेळी शक्ती कमी करून घेतो किंवा क्षणात जातो. वादळात उभारलेली तार कधीच पुस्तकातली नसते, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी स्थिर बसवलेल्या केंद्रासाठी हा सोशिकपणा उपयोगाचा. दुसरे काम मोठे : शिकवणे. बिटएक्ससारख्या छोट्या संचात भाग थोडे, बिघाडही थोडे. एफटी-१०१ मध्ये पन्नास वर्षांच्या म्हातारपणाने सगळ्या जातींचे बिघाड एका छपराखाली आणून ठेवले आहेत : गळणारे कंडेन्सर, चढलेले रेझिस्टर, ड्राय सोल्डर, काळे संपर्क, सरकणारा व्हीएफओ, मागच्या कारागिराची करणी. एखाद्या जुन्या सरकारी दवाखान्यात वर्षभर काढलेल्या डॉक्टरचा हात जसा तयार होतो, तसा या एका संचावर.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्याला फाटा देता येत नाही. फायनलच्या प्लेटवर ६०० व्होल्टच्या आसपास डीसी असते, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो भार धरून ठेवू शकतात. इथे चुकीला दुसरी संधी नसते. म्हणून रेझिस्टर जोडलेल्या दांडीने भार उतरवल्याशिवाय आत बोट घालायचे नाही, चालू संचात एक हात खिशात ठेवायचा, एकट्याने काम करायचे नाही, हे नियम शिकण्याचा भाग आहेत. ते पाळता येत नसतील तर व्हॉल्व्हच्या संचाला हात लावू नये. कायद्याचेही तसेच. ऐकण्यापलीकडे जाऊन बोलायचे तर केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा आणि परवाना हवा. वयाची अट १२ वर्षे, आणि तळाच्या श्रेणीला ५० वॉटची मर्यादा. पूर्ण शक्तीवर हा संच त्याहून जास्त देतो, तेव्हा तळाच्या परवानाधारकाने ड्राइव्ह कमी ठेवायला शिकले पाहिजे. परवान्याचा हा अडथळा जाचक वाटतो. पण आपत्तीत एकाच कंप्रतेवर दहा जण एकदम ओरडू नयेत, कोण कधी बोलतो याची शिस्त असावी, ती शिस्त याच परीक्षेच्या वाटेने येते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : पोलिसांचा बिनतारी विभाग आहे, प्रशासनाकडे सॅटेलाइट फोन आहेत, बचाव पथके स्वतःची साधने आणतात, मूठभर हौशी लोकांचे काय अडले आहे? याचे उत्तर नम्रपणे द्यावे लागेल. हॅम रेडिओ या व्यवस्थांची जागा घेणार नाही. सॅटेलाइट फोन सामान्य माणसाला आपल्या देशात मोकळेपणाने वापरता येत नाही, तो अधिकाऱ्यांकडे असतो. पोलिसांचे जाळे ठाण्यापर्यंत येते. पथके साधने आणतात, पण ती आणावी लागतात, आणि २०२१ने दाखवले की येण्याचा रस्ताच आधी जातो. उरतो तो पहिल्या रात्रीचा प्रश्न : जे तिथेच आहेत त्यांच्यापैकी कुणाला काय येते? डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक पथक निव्वळ छंदाच्या कार्यक्रमासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, संपर्क तुटला, आणि तेच पथक अंदमानचा मुख्य भूमीशी निरोपांचा धागा बनले. त्यांचे संच आधुनिक होते, हे मान्य. पण ते उपयोगी पडले कारण ते आधीच तिथे होते, आणि मोडके काय नि धड काय हे ओळखणारी माणसे सोबत होती. गोदामात सीलबंद ठेवलेला संच यातले काहीच करू शकत नाही. पाच वर्षांनी सील तोडल्यावर त्याची बॅटरी फुगलेली आणि संपर्क काळे निघाले, तर ते ओळखायला तरी माणूस हवा.

तो माणूस घडायला लागणारे सामान या खोऱ्यात नाही असे नाही. महाडच्या पुढे लोणेऱ्याला १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाडला औद्योगिक वसाहत आणि तिथले इलेक्ट्रिशियन आहेत, गावोगाव पंपांची दुरुस्ती करणारे आहेत. त्यांच्या हातांना बिघाडाचा वास येतोच. फक्त रेडिओची वजाबाकी शिकायची आहे. एखाद्या प्रयोगशाळेच्या टेबलावर एक जुना संच उघडा ठेवला, शेजारी आकृती, सिरीज बोर्ड आणि मल्टिमीटर, आणि दरवर्षी नव्या मुलांनी त्याचा एक नवा बिघाड शोधून कागदावर लिहिला, तर दहा वर्षांत तालुक्याला दहा-वीस परवानाधारक मिळतील आणि त्या संचाला दहा वर्षांची नोंदवही. खर्च फार नाही. चिकाटी मात्र लागते, आणि ती यंत्रासोबत मिळत नाही.

कोकणात पावसाळ्याआधीच्या तजविजीला आगोट म्हणतात. मे महिन्यात कौले चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, कडधान्ये आणि सुकी मासळी भरून ठेवायची, कारण मृगानंतर बाजार गाठता येईल याची खात्री नसते. या तजविजीमागचा विचार असा, की जे पावसात तुटणार आहे ते उन्हात तपासावे. रेडिओचे झाकणही त्याच महिन्यात उघडायचे असते. स्विच पुसायचे, रिलेच्या टोकांमधून कागदाची पट्टी ओढायची, कंडेन्सरची संशयास्पद जोडी बदलायची, आंब्यातली तार ताणून बांधायची, अलिबागला आणि पुण्याला हाक देऊन पाहायची. मग माईक बाजूला ठेवून मीटरकडे नजर लावायची. काटा हळूहळू चढतो आणि साठावर येऊन थांबतो. तिथे तो थांबला, की यंदाची आगोट पुरी झाली.